टोपलीभर बोंबील

साठी उलटल्यावर माणसाने प्रेमात खुशाल पडावं, पण मासळीच्या लिलावाला पांढरेशुभ्र बूट घालून येऊ नये. हे गृहस्थ पाचूबंदरच्या धक्क्यावर तसेच उभे होते. जन्माचे शाकाहारी, बँकेतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमची ओळख सकाळच्या हास्य क्लबातली. तिथे म्हातारी माणसं हात वर करून उगाचच खिदळतात, आणि मीही त्यातलीच एक. विधवा बाई हसली तर लोकांना चालेल अशी तेवढी एकच जागा.

लग्न कराल का, असं यांनी मला विचारून ठेवलं होतं. उत्तर रविवारपर्यंत हवं. नाही म्हणालात तर फ्लॅट विकून मुलीकडे बेंगळुरूला जातो, म्हणे. जा की, कोणी धरलंय? असं मनात म्हटलं खरं, पण त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. ह्या वयात हे असलं, शी.

तोच हा रविवार. दर रविवारी मी मासळीला इथे येते हे यांना ठाऊक, म्हणून उत्तर घ्यायला इथेच हजर. लांबून मला बघितलं आणि यांनी मान डोलावून नमस्कार केला. लिलावात मान हलली की माल तुमचा.

"घ्या काका, टोपली तुमची," लिलाव करणारी कोळीण म्हणाली.

चुकून हलली म्हणायला काय झालं होतं? पण मी बघत होते ना. पुरुषांची शान मेली कुठेही आडवी येते. मुकाट्याने पैसे दिले आणि टोपलीकडे बघत उभे राहिले. यांच्या सोसायटीत साधा पापलेट शिजला तरी मीटिंग बोलावतात.

शेवटी रिक्षा करून टोपली आमच्या गावी, वटारला, माझ्या वाडीत आणली. बोंबील नरम, त्याच दिवशी साफ करायला हवा. मी विहिरीजवळ विळी घेऊन बसले आणि यांच्या हातात सुरी दिली. वाटलं, आता पळतील. पळाले नाहीत. चेहरा हिरवट पडला, डोक्याबरोबर अर्धा मासा कापून टाकत होते, तरी बसून राहिले. माझ्या नवऱ्याने जन्मभर पाटावर बसून नावं ठेवली, सुरीला कधी बोट लावलं नाही. मला एकदम भरून आलं, आणि त्याचाच राग आला.

तेवढ्यात शेजारची माझी जाऊ कुंपणाशी आली. तिला सगळं ठाऊक होतं, अख्ख्या गावाला होतं. तिला फक्त माझ्या तोंडून "कोणी नाही" असं ऐकायचं होतं.

"हे कोण गं?"

यांची सुरी थांबली. माझ्याकडे बघेनात.

"घरचेच आहेत," मी म्हटलं. "तुझी सुरी दे जरा, यांच्या हातातली बोथट आहे."

ती गेली. हे तसेच बसलेले, डोळे भरलेले.

"बघत काय बसलात? मुलीला फोन करून सांगा, येत नाही म्हणून," मी म्हटलं. "आणि आधी हात धुवा."