आत्याच्या झोळ्या

"मोहरीएवढी. जास्त नाय."

असं म्हणून आत्या उजव्या हाताची करंगळी वर करायची आणि नखाच्या टोकावरचा काळा कण सगळ्या जगाला दाखवायची. जग म्हणजे आवणीला, भाताच्या लावणीला, निघालेल्या आमच्या गावच्या बायका. प्रत्येकीच्या कडेवर एक पोर आणि प्रत्येक पोराचा भोंगा चालू. आत्या ते नख पोराच्या जिभेला पुसायची, पोर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचं, आणि आई बांधावरून चिखलात उतरेपर्यंत त्याची मान पडलेली असायची. तिकडे घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाने शीळ घातली की खंडाळ्याची माकडं दचकून झाडावरून पडायची, पण आत्याच्या झोळीतलं पोर कूस बदलायचं नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. माकडं नाही, पोरं.

तो कण अफूचा असायचा. तुम्ही दचकलात ना? आमच्याकडे तेव्हा कोणी दचकत नसे. कडावच्या अलीकडे आमचं गाव. आषाढात सगळ्या खाचरांत एकदमच भाताची रोपं लावायची. बायका सकाळी वाकल्या की दिवेलागणीलाच सरळ व्हायच्या. तान्ही पोरं घरी ठेवावीत तर घरी कोण असतं? मग बांधावरच्या खोपीत आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगायच्या, त्यांत पोरं घालायची, आणि खाली राखणीला आत्या. इरली, दोऱ्या, तंबाखू यांच्याबरोबर खाचरांचा मालक कर्जतच्या सरकारी परवान्याच्या दुकानातून अफूचा गोळाही आणायचा. आवणीचं सामान होतं ते.

आत्या तशी कोणाचीच आत्या नव्हती. तिला भाऊच नव्हता. पण गावातली निम्मी माणसं तिच्या झोळीतून खाली उतरलेली, तिला नावाने कोण हाक मारणार? मीही त्यांतलाच. दुपारी जेवल्यावर मला आजही अशी जांभई येते की शेजारच्यांची कोंबडी आत शिरून अंडं घालून जाईल. ती आत्याचीच देणगी. माझ्या शेजारच्या झोळीत तिचा धाकू असायचा. एकुलता एक, तो रांगायच्या आत त्याचा बाप तापाने गेलेला. पहिलं नख धाकूच्या जिभेला, मग इतरांच्या.

"माझ्या पोराला दिल्याबिगर मी दुसरीच्या पोराला देत नाय," ती सांगायची. बायकांचा विश्वास होता तो याच्यावरच.

धाकू वाढला तो असा की मालकाचा एखादा बैल आजारी पडला तर जुवाला धाकूला लावत. हे मी सगळीकडे सांगत असे. लोक म्हणाले, लेका, जरा कमी कर. तेव्हापासून मी दोन्ही बैल आजारी पडत असं सांगतो. पुढे तो कर्जत स्टेशनात इंजिनांना कोळसा भरायला लागला. पाट्या वाहून पाठ धरायची. तिथल्या कुणा हमालाने पाठीसाठी म्हणून गोळी दिली. ती मोहरीएवढी नव्हती, वाटाण्याएवढी होती.

घरी येऊ लागला तो गप्प. सुरुवातीला आत्याला त्याचं केवढं कौतुक! गावची तरणी पोरं शिमग्यात एकमेकांची डोकी फोडत होती आणि हिचा धाकू भिंतीला टेकून गाईसारखा बसलेला.

"वळण हाय त्याला," ती माझ्या आईला सांगायची. "आवाज म्हणून नाय घरात."

माझी आई मला धाकूचा दाखला द्यायची.

मग तांब्या गेला. मग परात. मग खलबत्त्यातला बत्ता गेला. खल तेवढा राहिला, कारण ज्या खांद्याने बैलाला लाजवलं त्याला तो उचलेना. कोळशाचं काम सुटलं. शेवटी घराचं दार गेलं. भर दुपारी गावातून दार ओढत ओढत चालला होता, आणि भेटेल त्याला सांगत होता, "दुरुस्तीला नेतोय." आत्या मोकळ्या चौकटीत उभी राहून हसली.

"बरं झालं गं बाई," ती म्हणाली, "आता कडी लावायचं काम नको."

आमच्या आणि तिच्या घराच्या मध्ये कारवीच्या काठ्यांचा एक कूड होता. त्यातून मला ते हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. शेवटी शेवटी ते हसणं नव्हतं.

तिने करायचं ते सगळं केलं. भगताकडे नेलं. भगताने कोंबडा मागितला, कोंबडा खाल्ला, हात पुसले आणि धाकूला विचारलं, "सोडतोस का?" धाकू म्हणाला, "सोडतो." भगत म्हणाला, "सुटली." पोशीरला मावशीकडे नेऊन ठेवलं, आत्या गाडीने परत येते तो धाकू आधीच घरी भिंतीला टेकलेला. घरातल्या मेढीच्या खांबाला बांधून ठेवलं. तेव्हा त्याचे हातपाय असे वळले, पोटातलं असं सगळं बाहेर आलं, की दोऱ्या सोडायला तीच धावली. मग कर्जतला जाऊन दुकानदारासमोर उभी राहिली.

"माझ्या पोराला देऊ नको रं."

"बाई, सरकारी परवाना आहे. मागेल त्याला द्यावी लागते."

"सरकारला मायबाप म्हणतात ना? मग बोलाव त्याला. मी बी आई हाय. आमी मायबाप बसून बोलतो."

सरकार काही आलं नाही. आत्या येताना स्वतःच अफू घेऊन आली.

"बांधून सुटत नाय, तर उतरवून सुटंल," तिने माझ्या आईला सांगितलं. अफू चंचीत, चंची कमरेला, आणि धाकूला सकाळ-संध्याकाळ तिच्या हाताने तिच्या नखावर. वाटाण्यावरून तुरीवर आणला, तुरीवरून मुगावर. कुडापलीकडून रोजचं बोलणं ऐकू यायचं.

"आई, आज नख लहान झालं गं तुझं."

"नख तेवढंच हाय. तुझी जीभ वाढली."

कधी तो तिच्या पाया पडायचा, कधी तिला नाही नाही ते बोलायचा. एकदा चंची ओढताना त्याने तिला चुलीवर ढकललं. कोपरापर्यंत हात भाजला. आत्याने गावात सांगितलं, पेज उतू गेली. हात भाजला तरी नखाचा हिशोब चुकला नाही. उन्हाळा संपता संपता तिने धाकूला खसखशीवर आणून ठेवला. तो सुक्या बोंबलाचं कालवण मागून खाऊ लागला. घर शाकारायला स्वतः वर चढला. आत्या खाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होती.

"वर बघ रं. वर कोण हाय?"

"धाकू."

"मग! थोडंच राह्यलंय. आवणी होऊ दे, संपलं."

आवणी लागली. बायका पोरं घेऊन रांगेने खोपीत आल्या. चिखलणीचे बैल उभे करून मी तिथे पाणी प्यायला गेलो होतो. आत्याने पहिलं पोर मांडीवर घेतलं, जिभेला नख लावलं. त्याचे डोळे आधी अर्धे मिटले, खालचा ओठ सुटला, आणि समोरच्या माणसाकडे न बघताच ते जरासं हसलं. आत्या त्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुणासारखं दिसतंय रं हे?" तिने मला विचारलं.

मी पाणी अर्धंच टाकून बैलांकडे गेलो.

तिने चंची बांधली आणि बायकांना सांगितलं, "आजपास्नं नाय. झोके देते, गाणी म्हणते, साखरपाणी पाजते. हे नाय."

त्या दिवशी खोपीतून जो आवाज उठला त्याने माथेरानच्या साहेबांनी म्हणे बंगल्यांच्या खिडक्या लावून घेतल्या. एक पोर रडलं की त्याच्या आईला पान्हा फुटायचा, ती रांग सोडून धावायची. ते गप्प होतंय तोवर दुसरं. दुपारपर्यंत रांगेत बायका कमी आणि बांधावर जास्त. उपटलेली रोपं तशीच पडली. मालक छत्री घेऊन आला.

"आत्या, काय मांडलंय हे?"

"पोरं रडतात, मालक. पोरं रडायचीच."

"तुझ्या पोराचं गावच्या पोरांवर कशाला काढतेस?"

आता बायकांनाही तोंड फुटलं. "आमी हिच्याकडं निजवायला आणतो, रडवायला नाय!" "आमची काय वाया गेली का गं सगळी?" आणि एका तोंडाळ बाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो बघ. ह्यो बी तुझ्याच झोळीतला. ह्यो कुठं बिघडला?"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"बरं, ह्याला सोड," ती बाई म्हणाली.

हसू फुटलं. आत्या हसली नाही. ती मालकाच्या छत्रीखाली जाऊन उभी राहिली.

"तुमचा नातू कुठं निजतो, मालक? पाळण्यात ना? त्याला केवढी देता?"

मालकाने छत्री तिच्यावरून बाजूला घेतली. त्याने आत्याला खोपीतून काढलं आणि चिखलात रांगेला लावलं. राखणीला दुसरं कोणी हवं. पण आवणीच्या दिवसांत हातपाय धड असलेलं माणूस मोकळं कुठून आणायचं? कशाच्याच उपयोगाचा नाही असा गडी पाहिजे होता, आणि त्या कीर्तीचा गावात एकच होता. मालकाने धाकूला बोलावून खोपीत बसवलं आणि सबंध गोळा त्याच्या हातात ठेवला.

आत्याला हे कोणी सांगितलं नाही. ती खोपीकडे पाठ करून वाकलेली. हळूहळू मागची पोरं एकेक करून गप्प होत गेली. बायकांना बरं वाटलं, त्यांनी गाणं उचललं. आत्याचे हात थांबले.

"एवढं गप्प कसं झालं गं?"

"तुझा धाकू बसलाय ना," शेजारची म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "हात चांगला हाय हो त्याचा. तुझ्यावर गेलाय."

आत्या चिखलातून कशी निघाली ते मी पाहिलं. पडली, उठली, परत पडली. मी बैल सोडून मागे गेलो. खोपीत झोळ्या स्थिर लोंबत होत्या. आत्या प्रत्येक झोळीत हात घालून पोराच्या नाकाखाली बोट धरत होती. सगळी जिवंत होती. मग खाली बसलेल्या धाकूच्या नाकाखालीही तिने तसंच बोट धरलं. त्याने डोळे किलकिले केले.

"आई, मालक खूश हाय," तो म्हणाला. "बायका बी खूश हायत. तू कशाला चिखलात मरतेस? बस हितं." आणि गोळ्याचा एक तुकडा मोडून त्याने तिच्यापुढे धरला. "घे. हाताची आग थांबंल."

तिने गोळा हिसकला नाही, त्याला मारलं नाही. जवळच्या झोळीतलं पोर उचललं आणि त्याला उठवायला लागली. पाठीवर थापा मारत होती, गालावर पाणी मारत होती, "रड रं, रड" म्हणत होती. पोराची आई धावत आली आणि तिने पोर ओढून घेतलं. "मारतेस का काय माझ्या पोराला?" मग चारजणींनी मिळून आत्याला खोपीबाहेर काढलं. मी मध्ये पडलो, पण मला कोणी मोजलं नाही.

महिनोन् महिने कणाकणाने उतरवलेलं धाकूने त्या एका आवणीत परत चढवलं. घरी आत्याने नख पुढे केलं तर तो हसायचा. मालकाने दिलेला गोळा त्याच्या कमरेला होता. भात पिवळं व्हायच्या आत आत्या गाव सोडून गेली. कोणाला सांगितलं नाही. त्या वर्षी पीक मात्र असं आलं की उंदरांनाही अजीर्ण झालं. मालकाने पुढल्या वर्षीही धाकूलाच बसवलं.

दोन-तीन वर्षांनी मी मालकाच्या तांदळाची गाडी घेऊन नेरळला गेलो होतो. बाजारात सरपणाच्या मोळीवर आत्या बसलेली दिसली. डोंगरातल्या ठाकरांच्या एका वाडीत ती राहत होती. पाठीला कुणा ठाकरणीचं पोर बांधलेलं. ते पोर तिच्या कानात असं भोकाड पसरत होतं की स्टेशनातली माथेरानची छोटी गाडी शीळ घालायला लाजत होती. येणारी-जाणारी बाई म्हणत होती, "अगो म्हातारे, गप्प कर त्याला." आत्या ऐकल्यासारखं करत नव्हती.

मला तिने ओळखलं. माझ्या आईची चौकशी केली, बैलांची केली. मग मोळीची दोरी उगाच घट्ट करत राहिली.

धाकू तेव्हा खोपीतच होता. आवणी नसली तरी तिथेच. डोळ्यांवर माशी बसली तरी हाकलत नव्हता. बायका भाकर ठेवून जायच्या, ती कुत्री खायची.

"धाकूने सोडली, आत्या," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "हो का?"

"केव्हाच. नांगर धरतो. आणि भांडखोर झालाय तो! परवा बांधावरून शेजाऱ्याशी भांडला. सगळं गाव गोळा झालं."

"भांडला?" आता ती बघत होती. "मोठ्यानं?"

"कर्जतपर्यंत ऐकू गेलं."

"आणिक कुणाशी भांडतो?"

मी सांगत गेलो. पाटलाशी भांडवला, भगताशी भांडवला, कोंबडा परत मागायला लावला. कर्जतच्या दुकानदाराची गचांडी धरायला लावली. माझ्याशीसुद्धा भांडवला आणि मीच हरलो असं सांगितलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, असं मला मधूनच वाटत होतं. पाठीवरचं पोर रडतच होतं. मी थांबलो.

"आणि मालकाशी?" तिने विचारलं.

"मालकाशी तर रोज," मी म्हणालो.