पॅकबंद आलमारी

आमच्या घरात चिकटपट्टी काढायचं काम माझ्याकडे असतं. नवा मिक्सर आला, शेजारणीचा फ्रिज आला, की बोलावणं मलाच. मी जाते आणि आधी सगळ्यांचे हात बाजूला करते, कारण लोकांना ती खाकी पट्टी टरकन ओढायची फार हौस असते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं आधी पट्टीवर ठेवावं, डिंक सैल होऊ द्यावा. मग नखाने कोपरा उचलून पट्टी तिच्याच अंगावर मागे दुमडत, सावकाश न्यावी. सरळ आपल्याकडे ओढली तर ती एकटी येत नाही. राहिलेला चिकटा स्टीलवरून खोबरेल तेलाने जातो, काचेवरून रॉकेलने. रंगावर मात्र रॉकेल लावू नये. कुणी विचारलं, एवढं कुठे शिकलीस, तर मी म्हणते, सवय. खरं म्हणजे माझ्या लग्नातल्या आलमारीवर शिकले, आणि त्या आलमारीवर मला ते जमलं नव्हतं.

माझं माहेर मोहाडीचं, सासर शहापूरचं, दोन्ही भंडारा जिल्ह्यातली. बाबांचा हातमाग होता, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायचे. सासरी हायवेला लागून कापडाचं दुकान, म्हणजे बाबांसारख्यांनी विणलेलं विकणारी माणसं. आमच्याकडे मुलीला आंदणात आलमारी द्यावीच लागते. पलंग नसला तर चालतो, आलमारी नसली तर बायका वर्षभर विचारतात. सासरच्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि त्यामुळेच बाबांना द्यायचं होतं. त्या वर्षी साड्या घरातच पडून होत्या. शेवटी त्यांनी आईची आलमारी रिकामी करायला सांगितली.

ती आलमारी आईला तिच्या वडिलांनी दिलेली, हिरव्या रंगाची, वर लाल अक्षरांत आईचं नाव आणि 'वडिलांकडून सप्रेम भेट'. बाबांनी ती ठेल्यावर घालून गेट-खिडक्या रंगवणाऱ्याकडे नेली आणि कॉफी रंगाची करून आणली. मशीनने उडवलेला गुळगुळीत रंग, नवे हँडल, नवा आरसा. "तुया मायले दिवाळीत नवीन घेऊ. साड्या गेल्या का पयले तेच," बाबा मला म्हणाले. आई आलमारीतून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आलमारी सुंदर दिसत होती आणि मला ती हवी होती.

एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण बाबांना वाटलं, नवी वस्तू नवी दिसली पाहिजे. त्यांनी बाजारातल्या एका दुकानातून पुठ्ठे आणले, खाकी टेप आणली, आणि दारांवर, कोपऱ्यांवर पुठ्ठे लावून सगळी आलमारी टेपने गुंडाळली. रंग हाताला कोरडा लागत होता, पण आतून कच्चाच होता. त्या कच्च्या रंगावर टेपचे पट्टे बसले. वर, जिथे आईचं नाव होतं, तिथे तर दुहेरी. "आता पॅकबंद दिसते," बाबा मागे सरून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी फार कमी वेळा पाहिलं होतं.

मांडवात आंदण मांडलं होतं तिथे बायका येऊन पाहत होत्या. भर उन्हाळा, वरून पत्र्याचा मांडव, टेप तापून तापून रंगात मुरत होती. माझ्या चुलत सासूने बोटाच्या पेराने आलमारी वाजवली. "पॅकबंद आहे," ती दुसरीला म्हणाली, "अन् पत्रा पाय कसा जाड आहे. आता असा पत्रा येतेच कुठं?" तिने कौतुक केलं होतं. मुंडावळ्यांच्या आड माझे कान गरम झाले. चोराच्या मनात चांदणं.

सासरी आल्यावर दारं उघडण्यापुरती टेप मी ब्लेडने चिरली आणि पुठ्ठे काढून टाकले. पट्टे तसेच राहिले. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी खालचा एक कोपरा नखाने उचलला आणि ओढला. पट्टीसोबत नखाएवढा कॉफी रंग निघून आला, आणि आत आईची हिरवी आलमारी. मी एवढी घाबरले की कपाळावरची मरून टिकली काढून त्या ठिपक्यावर लावली. बायका आरशाला लावतातच टिकल्या, खाली एक दिसली तर कोण विचारतं. त्या दिवसापासून मी गरम फडकं, तेल, सगळं करून पाहिलं. कुठे थोडं साधायचं, कुठे पुन्हा हिरवं निघायचं. माझ्याजवळच्या टिकल्या संपत आल्या.

सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांना घरात अर्धवट काम दिसलं की चैन पडत नसे. "काहून काढत नाहीस वं ते पट्ट्या?" त्या विचारायच्या. "नवी आहे ते समजलं सगळ्याइले."

"राहू द्या नं, आई. धूळ नाही बसत," मी म्हणायची. त्यांना वाटायचं, मला माहेरच्या वस्तूचा तोरा आहे. मला ते गैरसमजाचं ओझं चालत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या बाबांनी जुनी वस्तू नवी म्हणून खपवली, हे यांच्या दुकानात, यांच्या गिऱ्हाइकांत, बाबांच्या विणकर मंडळींत गेलं तर त्यांनी मान वर करून साडी विकायला यायचं कसं, एवढा एकच विचार मला खात होता. खरं सांगायचं तर बाबांच्या मानेपेक्षा मला माझ्या मानेची जास्त काळजी होती.

पोळ्याला माहेरी जाऊन आले. मग दसरा आला, दिवाळीची साफसफाई निघाली. नणंद आली होती, मोठी उत्साही बाई. तिने रॉकेलची बाटली आणि जुनं बनियन घेतलं आणि थेट माझ्या खोलीत शिरली. "वहिनी, तुम्ही बसा. मी करून टाकतो एका झटक्यात." भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. मी म्हटलं, मी करते. म्हटलं, उद्या करू. म्हटलं, माझं डोकं दुखते, रॉकेलचा वास नको. तोवर तिने स्टूल ओढून वरच्या दुहेरी पट्टीवर रॉकेल चोपडलंही होतं. मग तिने पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

पट्टी अख्खी आली. तिच्या पाठीला कॉफी रंगाचा पापुद्रा चिकटून आला, साप कात टाकतो तसा. नणंद पट्टी हातात धरून स्टुलावर उभी. तिला वाटलं, आपण नवी आलमारी खराब केली. "अगं माय, रंगच निघाला," ती म्हणाली आणि बनियनने घाईघाईने पुसायला लागली. जसजशी पुसत गेली तसतसा उरलेला रंगही मऊ होऊन निघत गेला आणि खालची लाल अक्षरं वर येत गेली. तिने हाक मारली तशा सासूबाई आल्या.

सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या दुकानावरच्या पाट्या वाचतात तसं मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. आधी आईचं माहेरचं नाव. मग 'हिस वडिलांकडून सप्रेम भेट'. मग खालची बारीक ओळ. "मुक्काम तिरोडा, जिल्हा भंडारा."

मी पलंगाची कड धरून उभी होते.

"तिरोडा तं गोंदियात गेला नं," त्या म्हणाल्या. "जिल्हा तुटून वर्षं झाली. हे तं त्याच्या कितीक पयलेचं आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुया मायचं माहेर तिरोडा नं वं?"

हाताच्या काकणाला आरसा कशाला. मी मान हलवली. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. आता त्या हसतील, किंवा नणंद हसेल, किंवा कुणी काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाईल आणि ते सगळ्यात वाईट असेल. मी मनातल्या मनात बाबांची बाजू मांडायला लागले होते. साड्या गेल्या नाहीत. मागितलं कुणी नव्हतं. पत्रा तर जाडच आहे.

सासूबाईंनी पदराने हिरव्या भागावरचं रॉकेल टिपलं. नणंदेला म्हणाल्या, "उतर खाली, राहू दे आता." मग आलमारीवर हात ठेवून, बराच विचार केल्यासारखं, मला विचारलं, "मंग तुयी माय आता कपडे कशात ठेवते वं?"

मला माहीत नव्हतं. लग्न होऊन इतके महिने झाले होते, मी या आलमारीच्या एकेका ठिपक्याची काळजी केली होती, आणि हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

पोळ्याला गेले होते तेव्हा आतल्या खोलीत एका दोरीवर आईच्या सगळ्या साड्या एकावर एक टाकलेल्या होत्या. मला वाटलं, पावसामुळे घरात वाळत घातल्या आहेत. माझा ओला टॉवेल टाकायला जागा नव्हती, म्हणून त्यातल्या दोन साड्या मी खाली उतरवून ठेवल्या होत्या.