पांढरेकाकांचा पांढरा

आमच्या पांढरेकाकांचं आडनाव पाटील होतं, हे अलिबागपासून मुरुडपर्यंत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नांत, क्रिकेटच्या स्पर्धांत, जत्रेत ते एलईडीची भिंत भाड्याने लावत. भिंत उभी राहिली की मैदानाच्या मधोमध जाऊन मला ओरडून सांगत, "पांढरा टाक!" मी त्यांची मदतनीस; कॉम्प्युटरवरून अख्खी भिंत पांढरी करायचे आणि काका हात मागे बांधून तिच्याकडे बघत राहायचे. गावातली माणसं सिनेमा सुरू होतोय असं समजून खुर्च्या आणून बसत, थोड्या वेळाने उठून जात. एकदा एक आजोबा मात्र शेवटपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, "बरा होता."

अशी भिंत म्हणजे एक पडदा नसतो. चौकोनी पॅनल एकमेकांना जोडून ती उभी करतात. काका त्यांना डबे म्हणत. कुठला डबा नवा, कुठला जुना, कुठला खाऱ्या हवेत लग्नं लावून लावून मंदावलेला. पांढरा रंग टाकला की सगळ्यांचं खरं रूप बाहेर पडायचं. एक हिरवट, एक गुलाबी, एक नुसताच मलूल. मग काका लांबून सांगत, "वरच्या रांगेतला कडेचा, हिरवा कमी कर. अजून. आता त्याच्या शेजाऱ्याला समजव." शेजाऱ्याला समजवायचं म्हणजे त्याचा उजेड उतरवायचा. कारण काकांचा नियम होता, "मंद डब्याला ओढून वर नेता येत न्हाय. बाकीच्यांनी खाली यायचं."

त्यामुळे आमची भिंत इतरांपेक्षा मंद दिसे. माणगावच्या एका लग्नात नवऱ्याचा मामा तक्रार घेऊन आला. "तुमच्या स्क्रीनला लाइट कमी हाय. मागच्या लग्नातली पार हायवेवरून दिसत होती."

काकांनी शांतपणे विचारलं, "हायवेवाल्यांना आमंत्रण हाय का?"

चौलला एकदा नवरीचं नाक नेमकं दोन डब्यांच्या जोडावर आलं. अर्धा चेहरा गोरा, अर्धा हिरवा. भटजी मुहूर्तासाठी घाई करत होते. काका म्हणाले, "पोरगी हा व्हिडिओ जन्मभर बघणार. दोन्ही गाल एकाच बाईचे वाटू द्यात." भटजी थांबले. नवरीची आई तेव्हापासून दर वर्षी आंबे पाठवायची, पेटीवर 'श्री. पांढरे' लिहून.

मग आगरदांड्याच्या स्पर्धेत काकांनी पहिल्यांदाच सांगितलं, "सगळ्याच डब्यांना थोडा निळा वाढव." मी वाढवला. मला वाटलं, मैदानातून वेगळं दिसत असेल. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतणीची, दर्शनाची हळद होती. भिंत अर्थातच आमची. संध्याकाळी मांडव भरला, ढोल लागले, आणि काकांनी पुन्हा निळा वाढवायला सांगितला. पडद्यावर दर्शना आली. तिची आजी, म्हणजे काकांची आई, पुढच्या रांगेत बसली होती. ती ओरडली, "पोरीला हळद लावलीव का राख?"

काकांनी दर्शनाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "जुळतंय की," ते म्हणाले.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "काका, भिंत निळी झालीय."

"जोड दिसतोय कुठं?"

"जोड नाही दिसत. सगळीच निळी आहे."

काका हळूच म्हणाले, "तुला बरोबर दिसेल तसं कर," आणि स्टेजच्या मागे निघून गेले.

मी निळा उतरवला. हळद पिवळी झाली, बायकांनी एकच गलका केला. मागे जाऊन बघते तर काका डब्यांच्या रिकाम्या पेटीवर बसलेले आणि शेजारी काकू. काकू म्हणाल्या, "महिनाभर म्हणतायत, दूध पिवळं येतंय. मी दूधवाला बदलला गं."

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "लोक ज्या नावाने हाक मारतात, तेच मला दिसेनासं झालंय."

मोतीबिंदू निघाला. अलिबागला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी सुटल्यावर काका बराच वेळ एकेक डोळा झाकून खिडकीकडे बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"दोन वेगळ्या बॅचचे झालेत," काका म्हणाले. "एक निळा, एक पिवळा. नियमाने नव्याला खाली आणायला पायजे."

डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली.

दोन्ही डोळे झाल्यावर काकांना पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसायला लागलं. घरी गेल्या गेल्या त्यांनी आपले सगळे शर्ट पिवळे पडल्याचं जाहीर केलं. पण सीझनच्या पहिल्या लग्नात, रेवदंड्याला, ते मैदानात गेलेच नाहीत. कॉम्प्युटरपुढे माझ्या खुर्चीत बसले. "तू पुढे उभी राहा," म्हणाले.

"काका, आता तुम्हाला चांगलं दिसतंय ना?"

"दिसतंय. पण डोळा दगा देताना सांगून देत न्हाय. आणि मला सांगायला तू होतीस. आता मी न सांगता तुझा डोळा काय सांगतो, ते मला बघायचंय."

मी मैदानात उभी राहिले. काकांना कॉम्प्युटर धड येत नव्हता. मी डावा म्हटलं की उजवा डबा काळा व्हायचा. वऱ्हाडी बघत होते. पण एकदाही त्यांनी "नक्की का?" असं विचारलं नाही. मी सांगेन तसं ते करत गेले. शेवटी मी हात वर केला.

तेव्हा ते खुर्चीतून उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पुष्कळ वेळ बघितलं.

"मी असतो तर लाल जरा उतरवला असता."

"उतरवू?"

"इथं उभं कोण होतं?"

"मी."

"मग झालं," काका म्हणाले आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. त्या लग्नातला लाल थोडा जास्तच होता. व्हिडिओत अजून दिसतो.