पोथीसाठी कोणता अ‍ॅम्प्लिफायर?

मित्रहो, शिनोलीच्या मंदिरात मी रोज सायंकाळी पोथी वाचतो. हल्ली माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून घरीच अ‍ॅम्प्लिफायर जुळवायचे ठरवले.

आज दोन आराखडे घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बबनरावांकडे गेलो. एक मोठ्या चिपचा, विजेवर चालणारा. दुसरा लहान चिपचा, बॅटरीवरचा.

"मोठाच करा, गुरुजी. लई आवाज देतो."

"आणि वीज गेल्यावर?"

"मंग गप बसायचं! तेवढीच तुमाला इश्रांती."

मी हसलो, पण त्या विश्रांतीचा मोह मला खरोखर झाला. इतका मी थकलो आहे.

वीज गेल्याचे निमित्त मिळू नये, म्हणूनच बॅटरीचा आराखडा निवडला. थकलेल्या माणसाने स्वतःसाठी एखादी पळवाट ठेवावी का? आपणास काय वाटते?