थांबण्याचा हात

गोंदियात सायकल घेतली की चाकाला चिखल लागायच्या आधी किस्सा लागतो! विडी कारखान्यात आम्ही काही चेकर होतो. सायकलने गावोगाव फिरून विड्या तपासायच्या, एवढंच काम. पण किस्से इतके साठले, की कोणता कोणाच्या नावावर, हे आता भांडल्याशिवाय ठरत नाही.

सगळ्याचं मूळ एक हुकूम. शहरात नवा इंग्रज पोलीस साहेब आला. बाजारात बैलगाड्या, टांगे आणि चुकून एखादी मोटार. तरी वळताना हात बाहेर काढायचा आणि थांबताना वर करायचा, असं त्यानं फर्मान काढलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते सरकारपेक्षा जास्त मनावर घेतलं. कारखान्याच्या अंगणात आम्हाला सायकलीविना गोल फिरवलं, उजवा हात लांब करून. विड्या वळणाऱ्या बाया काम सोडून पाहत होत्या. एक म्हणाली, "यायले कोणतं वारं लागलं व माय?"

*

पहिला बळी मी. बाजाराच्या वळणावर हात लांब केला, तर समोरून येणाऱ्या ओळखीच्या शेठनी तो हातात घेतला आणि "राम राम" करत घरची खुशाली विचारायला लागले. सायकल पुढे, मी मागे. ती नालीत पडली, तरी शेठची चौकशी आईच्या गुडघेदुखीपर्यंत चाललीच.

*

चौकातले हवालदार दुबेजी उत्तरेकडचे. त्यांनी एका गाडीवानाला अडवलं. "हाथ काहे नहीं दिखाया?" गाडीवानाला हात दाखवायची एकच रीत माहीत. त्यानं कासरा सोडून तळवा पुढे केला. दुबेजींना हस्तरेषांचं भारी वेड. निरखून म्हणाले, "शादी में देरी है."

"पोरीची सांगा ना जी, माही तं झाली."

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. पुढचे दोघे गाडीवान धोतराला हात पुसून तयार!

*

गोपाळ बिसेन आमच्यातला सगळ्यात भित्रा. कुत्रं आडवं आलं तरी उतरून वाट द्यायचा. धानाच्या बांध्यांमधून एकटा जातानाही वळणावर हात काढायचा. मी विचारलं, "काऊन गा, इथं कोण पाहून राहिला?"

"सवय मोडाले नाही पायजे," तो म्हणाला.

बेचाळीस सालची गोष्ट. सभेला बंदी होती. चौकात लोक नुसते उभे होते, तोंड उघडायची कोणाची हिंमत नव्हती. समोर साहेब आणि लाठ्या घेतलेले शिपाई. तेवढ्यात गोपाळ सायकलवर आला. गर्दी पाहून त्यानं नियमाप्रमाणे हात वर केला. लोकांना वाटलं, हा घोषणा देतोय. अख्ख्या चौकानं जयजयकार केला. लाठ्या चालल्या. गोपाळच्या अंगावरच एक म्हातारा डोकं फुटून कोसळला. गोपाळला पुढारी म्हणून पकडलं.

मॅनेजर मला घेऊन ठाण्यावर धावले. हुकूम, अंगणातली कवायत, सगळं त्यांनी साहेबाला समजावलं. साहेबाला पटलं, हुकूम त्याचाच होता. दुबेजींनी गोपाळला सांगितलं, हात थांबण्यासाठी होता एवढं म्हण आणि घरी जा. नाहीतर जेल.

गोपाळ साहेबासमोर उभा होता. सदऱ्यावर म्हाताऱ्याचं रक्त वाळलं होतं. मॅनेजर मान हलवून 'म्हण, म्हण' करत होते. गोपाळनं सदऱ्याकडे पाहिलं. मग साहेबाकडे पाहून म्हणाला,

"हात थांबासाठीच होता, साहेब. पण मी थांबतो म्हणून नाही. तुमी थांबा म्हणून."