मिठाच्या पेजेतली चादर

आमच्या घरातला पलंग हा जिल्ह्यातला सर्वांत रुंद पलंग आहे. हे मी गावभर सांगितलंय आणि आजपर्यंत कोणी टेप घेऊन मोजायला आलेलं नाही, म्हणजे ते खरंच असणार. परसातला फणस वादळात पडला, तेव्हा मी सुताराला म्हटलं, लाकूड वाया घालवायचं नाही, आहे तेवढ्या सगळ्याचा पलंग कर. माणूस आज्ञाधारक निघाला. त्याने तो खोलीतच जोडला आणि जोडून झाल्यावर आमच्या ध्यानात आलं की आता हा कुठल्याच दारातून बाहेर निघणार नाही. पुढे घराची डागडुजी केली तीसुद्धा पलंगाच्या सोयीने. एका कडेला झोपून दुसऱ्या कडेच्या माणसाला हाक मारली, तर उत्तर सकाळच्या चहाबरोबर येतं.

असल्या पलंगाला बाजारची चादर पुरत नाही. मुलीने पुण्याहून मोबाईलवरून एक मागवून दिली होती. जांभळ्या फुलांची, किंग साईज. अंथरली तर माळावर टॉवेल वाळत घातल्यासारखी दिसली. त्या राजाचं राज्य फार तर आमच्या वाडीएवढं असावं. ती घडी घालून कपाटात गेली, ती तिथेच.

तेव्हा आमच्याकडे चादर घरातच शिवायची. वेंगुर्ल्याच्या बाजारातून पांढरं सुती कापड आणायचं, पाण्यातून काढून आटवून घ्यायचं, दोन पन्हे मधोमध जोडायचे, चारी कडा दुमडून टीप मारायची आणि उरलेल्याचे उशांचे अभ्रे करायचे. हे काम बायकोचं. तिची मधली शिवण अशी सपाट की अंगाखाली आली तरी कळत नाही, आणि अशी सरळ की तिच्यावर डोळा ठेवून होडी नेली तर थेट रत्नागिरीला लागेल. त्या शिवणीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, अशी आमची वहिवाट.

मागच्या पावसाळ्यात ती विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, यथावकाश निघालं. डॉक्टरांनी एक मऊ चेंडू दिला आणि सांगितलं, रोज दाबायचा. तिने तो फळीवर ठेवला. येता-जाता मीच दाबत असे, त्यामुळे माझा पंजा इतका मजबूत झाला की नारळ नुसता हातात घेतला तर वरचं सोडण स्वतःहून निघायला बघे. तिचा हात मात्र मांडीवर पडलेला. वाटी उचलायची ती डाव्या हाताने. शिलाई मशीनवर तिने एक जुना पंचा टाकला आणि त्यावर सुकलेले कपडे ठेवायला लागली. मी एकदा विषय काढला.

"आता माका जमाचा नाय," ती म्हणाली. भात झाला म्हणून सांगावं, तशा आवाजात.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी जोडपं मुलीच्या माहेरी राहायला येतं, त्याला आमच्याकडे पाचपरतावण म्हणतात. त्या दिवशी जावयाला कोंबडी-वडे, सोलकढी वगैरे असतंच; पण बायकोच्या माहेरून आलेली आमच्या घरची एक रीत वेगळी. त्या जोडप्यासाठी पलंगावर अंथरायची चादर नवी कोरी आणि घरातल्याच माणसाने शिवलेली हवी. बायकोच्या पाचपरतावणाला तिच्या आईने शिवली होती. तिच्या आईला तिच्या आईने. आता पाळी हिची, आणि हिचा हात मांडीवर. लग्नाची सगळी तयारी तिने हौसेने केली, पण चादरीचं नाव कोणी काढलं की ती उठून मागीलदारी जायची आणि नसलेलं काम शोधायची.

तेव्हा मी जाहीर केलं की चादर मी शिवणार.

"तुमी शिवतलात? तुमी?"

मी आयुष्यभर मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. दर्यात बंद पडलेलं इंजिन मी किनाऱ्यावरून नुसत्या शिट्टीने चालू केल्याचे साक्षीदार आहेत. दुर्दैवाने त्यातले काही आता हयात नाहीत आणि बाकीचे मुंबईला असतात. त्या मानाने शिलाई मशीन म्हणजे काय? पंचा काढला, सगळीकडे तेल सोडलं, बसलो आणि पायाने असा जोर लावला की चाक उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला आणि सुई माझ्या कानाजवळून गेली.

कुंपणापलीकडून शेजारची मावशी बघत होती. ही ख्रिस्ती बाई, माहेर गोव्याचं, वयाने आमच्याहून बरीच मोठी. तिच्याकडे एक गाय, एक वासरू आणि सगळ्या गावाबद्दल मतं.

"मेल्या, ता होडयेचा इंजिन नाय! हळू मार पाय. कापड पळान नाय जायत."

बायको आतून बाहेर आली आणि लांब खुर्ची टाकून बसली. त्यानंतरचे दिवस मी त्या घरात नोकर होतो. ती जागेवरून हलत नसे, मशीनला बोट लावत नसे, नुसती बघे. मी पहिली शिवण मारून मोठ्या अभिमानाने कापड पसरलं.

"ही वाट खंय जाता?" तिने विचारलं.

"खंय म्हणजे? सरळ."

"फोंड्याच्या घाटात गेली ती. उसवा."

मी उसवली. परत मारली. परत उसवली. इतक्या वेळा, की कापडाला सुईची भोकं पडून त्यातून पलीकडचं दिसायला लागलं असतं; पण तिने वेळीच सांगितलं की आता कडेची दोन बोटं सोडून नव्याने धरा. डाव्या हाताने ती हवेत दाखवायची: असं ओढायचं नाही, नुसती वाट दाखवायची, कापड आपण होऊन जातं. उजवा हात पदराखाली. शेवटी एक दिवस तिने शिवणीवरून डाव्या हाताचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि काही बोलली नाही. आमच्या संसारात एवढी स्तुती मला पूर्वी एकदाच मिळाली होती, आणि तीसुद्धा मी ताप येऊन गप्प पडलो होतो तेव्हा.

लग्न नांदगावला हायवेजवळच्या हॉलमध्ये झालं. जेवणं, फोटो, रडणं, सगळं रीतीप्रमाणे. परत आलो. मुलगी-जावई यायच्या आदल्या दिवशी चादर धुतली. आता तिला खळ द्यायची होती. खळ म्हणजे पेजेची निवळ, उकड्या तांदळाच्या पेजेवरचं पाणी. त्यात कापड बुचकळून वाळवलं की असा ताठा येतो की उशी ठेवली तर ती सावधान उभी राहते. बायको पाहुण्यांच्या वड्यांचं पीठ डाव्या हाताने भिजवण्यात गुंतली होती. मी चुलीवरचं पेजेचं पातेलं उचललं, वरची निवळ बादलीत ओतली, चादर बुडवली, पिळली आणि कुंपणालगतच्या दोरीवर पसरली. मग आपण फार केलं असं वाटून पडवीत आडवा झालो.

जाग आली ती मावशीच्या ओरडण्याने.

"गो बाये, भायर ये! तुमची चादर माझ्या गायीच्या पोटात गेली! माझ्या गायीक काय झाला तर डाक्टर कोण हाडतलो?"

धावलो. गाय कुंपणावरून मान टाकून डोळे मिटून चघळत उभी होती. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं, तसलं समाधान तिच्या चेहऱ्यावर. चादरीचा एक कोपरा गेलेला. मी पुढे लोकांना सांगितलं की अर्धी चादर गेली आणि त्या संध्याकाळी गाईने दूध दिलं ते इस्त्री केलेलं होतं. खरं म्हणजे भोक परातीएवढं होतं. पण पांढऱ्या नव्या चादरीला परातीएवढं भोक म्हणजे अर्धी चादर गेल्यासारखंच.

"गाय कपडो कित्या खायत?" मावशी म्हणाली. "आजपर्यंत कधी तोंड लावल्यान नाय." तिने चादरीचं दुसरं टोक उचललं आणि सरळ जिभेला लावलं. "मीठ! गो, ह्येच्यात मीठ आसा!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "पेज खंयची घेतलात?"

"चुलीवरची."

"सकाळची? मीठ घातलेली?"

आमच्या घरात पेजेत मीठ चुलीवरच पडतं. खळीची निवळ मीठ घालायच्या आधी काढून ठेवतात, हे या किनाऱ्यावरच्या पोरासोरांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण त्या घडीला मी तिसरंच बोललो.

"दर्यावरचो वारो गो," मी म्हटलं, "खारो आसा."

"दर्यो काय कालच इलो हयसर?" मावशी म्हणाली. "माझी धुणी रोज वाऱ्यारच सुकतत. गाय ढुंकान बघणा नाय."

 बायकोने चादर दोरीवरून ओढली, घरात नेली आणि त्या पलंगावर पसरली. भोक वर. मावशीही मागोमाग आत आली. गाय तिची असल्यामुळे तिचा जीव थोडा खाली-वर होत होता, आणि तिचा जीव खाली-वर झाला की तोंड जास्त चालतं.

नवं कापड शिल्लक नव्हतं. उरलेल्याचे अभ्रे झाले होते. बाजाराला जाऊन आणायचं तर त्या कापडाचं ठाण संपलेलं, आणि नव्याने चादर शिवायला माझ्या गतीने दिवाळी उजाडली असती. मी कपाटातून ती किंग साईज काढली. जांभळी फुलं.

"ह्येचो तुकडो लावया," मी म्हटलं.

"ठिगळ?" बायको म्हणाली. "पाचपरतावणाक?"

मावशीने हात पुढे केला. "दी हय ती. माझ्या घराक व्हरतंय नि शिवून हाडतंय. तुझ्या हातान आता काय होवचा नाय गो. जावयान इचारल्यान तर सांग, शेजारच्या मावशेन शिवल्यान. त्यात काय?"

मावशी हे चांगल्या मनाने म्हणाली की मुद्दाम, याबद्दल मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, तुका काय करूचा आसा?

बायकोने चादर स्वतःकडे ओढली. "ऱ्हवांदे ती थंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "उठा."

मी तोवर मशीनच्या स्टुलावर जाऊन सुईत दोरा घालायच्या खटपटीत होतो. उठलो. ती बसली. जांभळ्या कापडाचा तुकडा तिने मला कापायला लावला, कारण कात्रीत अंगठा जात नव्हता. तुकड्याच्या कडा आत दुमडून तिने तो भोकावर मांडला, डाव्या तळव्याने दाबून धरला. चाकाला पहिला फेरा उजव्या हाताने द्यावा लागतो. तिने हात पदराखालून काढला, चाकावर ठेवला. बोटं चाक धरेनात. मावशीही गप्प होती, आणि ती जिल्ह्याच्या इतिहासात नोंद करण्यासारखी गोष्ट होती. मग बायकोने बोटं सोडून दिली आणि मनगटाखालच्या गादीने चाक ढकललं. पाय चालला. मशीन चालली.

टीप वाकडी गेली. तुकड्याच्या कोपऱ्याशी तर ती चक्क तुकडा सोडून बाहेर फिरून आली. तिने थांबून बघितलं, पण उसवली नाही. तशीच पुढे चारी बाजू फिरवली. मी मागे उभा राहून चादरीचं वजन हातावर तोलून धरलं होतं. खळ दिलेल्या चादरीचं वजन किती असतं म्हणून सांगू, दोन माणसं आणि एक होडी. दोरा तोडताना तिने उजवा हात झटकला, पाणी झटकतात तसा, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मावशी निघाली. दारातून म्हणाली, "वाकडा आसा गो." बायको म्हणाली, "आसांदे."

चादर पुन्हा धुतली, या वेळी बिनमिठाची निवळ बायकोने स्वतः काढली. गाय संध्याकाळपर्यंत बांधून ठेवली होती आणि आमच्या दिशेने हंबरत होती.

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं. जेवणं झाली. जावई पलंग बघून दारातच थबकले आणि पुण्याच्या मराठीत म्हणाले, "बापरे, हा पलंग आहे की मैदान?" मी त्यांना फणसाची सगळी हकीगत सांगितली, थोडी वाढवून.

सकाळी मुलगी पलंग आवरत होती. खोलीतून हाक आली.

"आई, ही माझ्या चादरीची फुलां ना? आणि शिवण बघ! कोणाचा काम ह्या?"

बायको चहा गाळत होती. उजव्या हातात गाळणी, हे मी पाहिलं. तिने मी पाहिलेलं पाहिलं नाही.

"तुझ्या बापाशीचा," ती म्हणाली.

"आणि ही मधली? ही केवढी सरळ!"

"ती माझी."

मी तोंड उघडलं. सगळा गाव साक्षीला उभा केला असता. घाट, उसवण, सुईची भोकं, सगळं. पण चहा पुढे आला आणि मी तोंड त्याला लावलं. मुलीने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं की बाबा, पहिल्या प्रयत्नाच्या मानाने बरं आहे.

त्यानंतर मशीनवरचा पंचा पुन्हा दिसला नाही. त्याची तिने फडकी केली. मला मशीनपाशी जायला मनाई आहे, तेल घालायलासुद्धा. ती रोज थोडं शिवते: अभ्रे, पिशव्या, मावशीच्या घरचे पडदे. चाक अजून तळव्यानेच ढकलते आणि तिच्या शिवणी अजून घाटातून जातात. आलेल्या-गेलेल्याला ती सांगते की हे सगळं ह्यांनी शिवलेलं आहे, माणूस या वयात शिकतोय, हसू नका. लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो आणि म्हणतो, होय, थोडा हात बसायचा आहे.