सुमार्नीचा नारळ

मासिनाच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. गावप्रमुखसुद्धा ती वाटेत दिसली की खोकल्याचं निमित्त करून दुसऱ्या पायवाटेने वळतो. जन्मापासून ती अशी नव्हती. तिला असं केलं एका नारळाच्या झाडाने, आणि ते झाड लावायला होकार तिनेच दिला होता. म्हणून तर तिचा राग जात नाही. दुसऱ्याने फसवलं तर माणूस त्याला चार शिव्या घालून मोकळा होतो. आपणच दार उघडून दिलं असेल तर शिव्या कुणाला घालायच्या?

आमच्या डोंगरात जमिनीला कागद नसतो. रानावर पहिली कुऱ्हाड ज्याने घातली, जमीन त्याची, आणि मागाहून त्याच्या लेकरांची. झऱ्यावरचा उतार मासिनाच्या आईने तोडला. नवरा तापाने गेलेला, पदरात दोन पोरं, आणि बाईने कवेत न मावणारे बुंधे एकटीने आडवे केले. मासिना तेव्हा फांद्या ओढून ढीग लावायची. थोरला भाऊ मोठा झाल्यावर किनाऱ्यावर उतरला, मासेमारीत रमला. "मला होडी पुरे, डोंगर तू ठेव," असं चारचौघांत म्हणून गेला. मासिनाचा नवरा मजुरीला म्हणून खाली गेला तो परतलाच नाही, मूलबाळ झालं नाही. म्हातारपणी आंधळ्या झालेल्या आईचं तिनेच शेवटपर्यंत केलं. मरताना आईने उशाची कुऱ्हाड चाचपून तिच्या हातात दिली. याहून मोठं मृत्युपत्र आमच्याकडे नसतं.

मग मासिना तो उतार आईसारखाच कसत राहिली. एका साली काठीने भोकं पाडून डोंगरभात, पुढे मका, मग कसाव्याचे कंद, मग जमीन दमली की तिला रानाच्या हवाली करायची. झुडपं वाढेपर्यंत शेजारचा तुकडा. जमिनीनेही विश्रांती घ्यावी, माणसासारखी, असं ती म्हणायची.

अशात भाऊ वारला आणि त्याचा मुलगा रुस्तान वर आला. सोबत पोटुशी बायको, डोक्यावर पत्र्याची पेटी. हा ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला नव्हता. आल्या आल्या म्हणाला, "आत्या, एका मक्यापुरती जमीन दे. पोट भरलं की माझं मी रान शोधतो."

आमच्याकडे उसनी जमीन मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. फक्त एक बंधन असतं, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: उसन्या जमिनीत मका लावा, भात लावा, कसावा लावा, झाड लावायचं नाही. पीक कापलं की माणूस निघून जातो. झाड तिथेच राहतं, आणि झाड ज्याचं त्याला त्या जमिनीवरून उठवता येत नाही.

मका कणसाला आला तेव्हा रुस्तानच्या बायकोला मुलगी झाली. तिसऱ्या प्रहरी रुस्तान करवंटीत पानांनी झाकलेली, बाळामागून पडलेली वार घेऊन मासिनाच्या दारात उभा राहिला. डोळे ओले. वार पुरून त्यावर नारळ लावायचा, तो नारळ त्या मुलाचा, त्याच्याबरोबर वाढायचा, ही आमची रीत. म्हणाला, "माझ्या मुलीची वार कुठे पुरू, आत्या? मला वीतभर जमीन नाही."

मासिनाने त्या करवंटीकडे पाहिलं आणि तिचं काळीज पाघळलं. भावाची नात. तिच्या अंगणात पुरायची तर घर खडकावर, खाली माती नाही. म्हणाली, "मक्यात पूर. एक नारळ म्हणजे काय बाग नव्हे." तिने स्वतः खड्डा खणला, स्वतः माती दाबली. मुलीचं नाव सुमार्नी ठेवलं तेही तिनेच.

पुढच्या पावसात त्या नारळाला सोबत म्हणून केळी आल्या. मासिनाने चालू दिलं. केळी खायची वस्तू. मग केळींच्या सावलीत कोकोची रोपं दिसली, बोटाएवढी. ती विचारायला गेली तर रुस्तान म्हणाला, थोडीच आहेत, मुलीच्या दुधापुरती. बोट दिलं होतं, आता त्याने मनगट धरलं. ती कसाव्यात गुंतलेली असताना याने झऱ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा उतार कोकोने भरून टाकला.

मासिना गावप्रमुखाच्या ओट्यावर गेली. हा प्रमुख म्हणजे साळसूद माणूस. कोकोची रोपं विकणारी वाडी त्याचीच, हे मात्र तो बोलत नाही. त्याने सगळं ऐकलं, सुपारी कातरली आणि एवढंच विचारलं, "तिथला नारळ कुणाच्या परवानगीने लागला?"

"माझ्या," मासिना म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"मग झालं तर. जिथे वार पुरली, नारळ लागला, ती जागा उसनी कशी म्हणायची? त्या नारळाच्या जोरावर बाकीचं आलं."

ओट्यावरचे सगळे सुपारीकडे वळले. त्यातल्या निम्म्यांनी मासिनाच्या आईच्या हातचा भात खाल्ला होता. रुस्तान मान खाली घालून बसला, पण उठताना हसला, ते तिने पाहिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

त्यानंतर मासिना माथ्यावरच्या दगडाळ तुकड्यावर गेली. तिथे कसावाही अंगठ्याएवढा येतो. झऱ्याची वाट तिने सोडली, वळसा घालून पाणी आणायची. रुस्तानच्या घरचा घोटभर चहासुद्धा वर्ज्य. दर पेरणीला मात्र ती चारचौघांत उभी राहून म्हणायची, "तो उतार माझा आहे." लोक ऐकत, मग काठ्या उचलून कामाला लागत.

मग सुमार्नी सात वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी किनाऱ्यावरचा व्यापारी दोर घेऊन उतार मोजायला आला. रुस्तानला मोटरसायकल आणि बाजारात दुकान हवं होतं. डोंगराचा त्याला कंटाळा आला होता. सगळा उतार, झऱ्यासकट, तो विकणार होता. गावप्रमुख साक्षीला, आणि बघायला अर्धं गाव. आईने तोडलेलं रान, हा उपटसुंभ दुकानासाठी विकणार! मासिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कोयता घेऊन खाली उतरली. बायका बाजूला झाल्या. वाटलं, आता ती कोको तोडणार.

तिने कोयता नारळाच्या बुंध्याशी ठेवला आणि गावप्रमुखाला विचारलं, "जमीन कुणाची?"

"ते मागेच ठरलं, मासिना. रुस्तानची."

"कशाच्या जोरावर?"

"या नारळाच्या."

"आणि नारळ कुणाचा?"

वारेवरच्या झाडाचं फळ बापसुद्धा मुलाला विचारल्याशिवाय काढत नाही. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "सुमार्नीचा."

मग मासिना ते बोलली, जे इतकी वर्षं तिच्याकडून कुणी वदवून घेऊ शकलं नव्हतं. "ऐका सगळे. हा उतार माझा नाही. रुस्तानचाही नाही. सुमार्नीचा आहे. ती मोठी होऊन विकेल तेव्हा विकेल."

व्यापाऱ्याने दोर गुंडाळला. जित्या मुलाचं झाड विकत घेणारा आमच्या किनाऱ्यावर अजून जन्मला नाही.

रुस्तान दात ओठ खात म्हणाला, "तुला काय मिळालं यातून, आत्या?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुलाही नाही."

यात समाधान होतं असं कुणी समजू नये. घरी येऊन तिने आईची कुऱ्हाड भिंतीवरून काढली, मांडीवर घेतली आणि दुपारभर रडली. जमीन गेली ती गेलीच. आता तर तिने स्वतःच्या तोंडाने घालवली होती.

काही दिवसांनी सुमार्नी दगडाळ तुकड्यावर चढून आली. हातात पहिलं शहाळं. मासिनाने तिच्याकडे पाहिलंच नाही, कसावा उपटत राहिली. पोरगी हलेना.

"बापाला विचारलंस?"

"कशाला? माझा आहे ना नारळ."

मासिनाने शहाळं घेतलं, कोयत्याने तोंड उडवलं, अर्धं पाणी स्वतः प्यायलं, अर्धं तिला दिलं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "मक्यापुरती कुणी जमीन मागितली तर द्यायची. अडलेल्याला नाही म्हणायचं नाही. पण झाड लावू का असं विचारलं, की हाकलून द्यायचं."

"बाबांना पण?"

"त्याला आधी."